चिनीमातीच्या मुठी: मागे नट की मागून स्क्रू?

चिनीमातीची मूठ घेताना सगळे तिचं तोंड बघतात. निळं फूल आवडलं की झालं. पण ती ड्रॉवरला किती दिवस टिकणार हे पाठीवर ठरतं, तेव्हा दुकानात आधी उलटी करून बघा.

पाठीमागे तीन प्रकार सापडतात. मुठीतूनच बोल्ट बाहेर आलेला, त्याला आतून नट. मुठीत पितळी आट्यांचं भोक, त्यात आतून स्क्रू. आणि लाकडी स्क्रूचं टोक असलेली, जी समोरूनच पिळून बसवायची. हा तिसरा प्रकार जाड सागवानात चालतो. पार्टिकल बोर्डात, म्हणजे भुसा दाबून केलेल्या फळीत, नको. मूठ ओढताना हात नकळत ती फिरवतोही, त्यामुळे भुसा सुटतो आणि एक दिवस मूठ हातात येते.

खरी निवड पहिल्या दोघांत.

नट-बोल्टवाली माझ्या पसंतीची, कारण फळी कशीही असो, पकड दोन्ही बाजूंनी बसते. खोड एकच, बोल्ट लांब येतो. आईच्या साड्यांच्या खणात अशी मूठ मीच बसवली होती. आत बोटभर शेपूट तसंच ठेवलं. आठवड्याभरात इरकलीचा धागा त्यात अडकून पदराजवळ ओढ आली, आणि ती मला अजून ऐकवली जाते. तेव्हा जादा बोल्ट कापायचा. आधी त्यावर नट चढवून आत न्यायचा, मग हॅकसॉने कापायचं आणि नट फिरवत बाहेर काढायचा. म्हणजे कापलेल्या टोकाचे बिघडलेले आटे नटच सरळ करतो. नंतर वरून टोपीचा डोम नट लावला की कपडे अडकत नाहीत.

मागून स्क्रूवाली आतून देखणी, फक्त स्क्रूचं डोकं दिसतं. मात्र लांबीला ती काटेकोर आहे. फळीची जाडी अधिक सहा ते आठ मिमी, एवढा स्क्रू हवा. १८ मिमीच्या प्लायला २५ मिमीचा बरोबर बसतो. पण ड्रॉवरला बरेचदा आतली पाटी वेगळी आणि वर चिकटवलेला दर्शनी भाग वेगळा असतो. दोन्ही १८ चे असले तर ३६ मिमी झाले, तिथे ४२ ते ४४ चा वेगळा आणावा लागतो. फार लांब आणलात तर स्क्रू भोकाच्या तळाला टेकतो: मूठ ढिलीच राहते, आणि जोर केला तर तडकते. भोक किती खोल आहे ते उदबत्तीच्या काडीने मोजा, हाताशी असते.

आता ढिली होण्याचं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, त्यात रोजची ओढाताण. धातूची मूठ असती तर आणखी आवळली असती. चिनीमाती मात्र दाब सोसते, ताण सोसत नाही. पाना अर्धा फेरा जास्त फिरला की ‘टिच्’ आवाज येतो आणि पाकळी खाली पडते. जयपूरच्या ब्लू पॉटरीच्या मुठींना तर जास्तच जपा. त्यात कुंभाराची नेहमीची माती नसते, क्वार्ट्झची आणि काचेची पूड, मुलतानी माती असा लगदा असतो.

म्हणून न आवळता धरून ठेवणारा नट हवा. नायलॉक नट मागा, त्याच्या तोंडाशी नायलॉनचं कडं असतं, ते आट्यांना घट्ट पकडतं. हा किंवा डोम, एकच निवडायचा असेल तर बोल्ट नीट कापून नायलॉक घ्या. मूठ आणि फळी यांच्यामध्ये रबरी किंवा फायबरचा पातळ वायसर, आत लाकडाशी रुंद लोखंडी वायसर. स्क्रूवाल्या मुठीत नट नसल्याने हा उपाय नाही. तिथे आट्यांवर निळ्या लॉकटाइटचा, म्हणजे आटे धरून ठेवणाऱ्या गोंदाचा, एक थेंब टाका, साध्या स्क्रू ड्रायव्हरने पुन्हा उघडता येतो. लाल मात्र नको, तो सुटायला त्रास देतो आणि तेवढ्या जोरात मूठच जाईल.

जुनं हँडल काढून मूठ लावणार असाल तर खरेदीआधी भोकं बघा. हँडलला दोन भोकं असतात, बहुधा ९६ किंवा १२८ मिमी अंतरावर, आणि मुठीला लागतं एकच. मधोमध नवं पाडलं तर दोन जुनी उघडी राहतात. लाकडी पुटी आणि रंग चालत असेल तर ठीक. सनमायक्यावर डाग दिसतोच. अशा वेळी मी दोन भोकांत दोन मुठी लावल्या. ड्रॉवर रुंद होता, वाईट दिसत नाही.