लॅपटॉपला बाहेरचा माइक: जॅक, यूएसबी की एक्सएलआर?

ऑनलाइन मीटिंगमध्ये “तुझा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतोय” हे दोन-तीनदा ऐकून घेतलं की माणूस माइक शोधायला लागतो. शोधल्यावर कळतं, की माइकच्या शेपटीला तीन प्रकारची टोकं असतात: हेडफोनसारखी बारीक पिन (म्हणजे जॅक), यूएसबी, नाहीतर तीन पिनांचं जाडजूड गोल एक्सएलआर. बहुतेक जण इथे माइकच्या दर्जाची तुलना करत बसतात. माझं म्हणणं, आधी टोक ठरवा. पुढची निम्मी डोकेदुखी त्या टोकावरच ठरते.

माइक हवेतल्या कंपनांपासून अगदी क्षीण विद्युत सिग्नल तयार करतो. लॅपटॉपला मात्र आकडे हवे असतात. म्हणजे मधे कुणीतरी तो सिग्नल वाढवायचा आणि सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजून त्याचे आकडे करायचे. हे मधलं काम कोण करतं, एवढाच तीन टोकांमधला खरा फरक. जॅकमध्ये ते लॅपटॉपचं साउंड कार्ड करतं, यूएसबीत माइकच्या पोटातलं सर्किट करतं आणि एक्सएलआरमध्ये इंटरफेस नावाची वेगळी पेटी.

एक गोष्ट मात्र तिन्हींना सारखीच लागू आहे: तोंडापासूनचं अंतर. ते निम्मं केलं की आवाजाची पातळी साधारण ६ डेसिबलने वाढते. लॅपटॉपचा आतला माइक तोंडापासून ५० सेंटिमीटरवर असेल आणि बाहेरचा माइक तुम्ही १२ सेंटिमीटरवर आणलात, तर सुमारे १२ डेसिबलचा फायदा होतो, आणि खोलीचा घुमारा होता तेवढाच राहतो. म्हणून कॉलरला लावलेला साधा माइक टेबलाच्या पलीकडे ठेवलेल्या भारी माइकला सहज मागे टाकतो. जवळ आणता येणार नसेल तर कुठलाच माइक घेऊ नका.

जॅक: स्वस्त, आणि सगळ्यात फसवा

३.५ मिमीचा जॅक दिसायला सर्वांत सोपा. खुपसला की झालं, असं वाटतं. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात, म्हणून यावर जरा जास्त वेळ घालवते.

प्लगच्या धातूवर काळ्या कड्या असतात, त्या मोजा. दोन कड्या असतील तर तो टीआरएस, तीन असतील तर टीआरआरएस. आजकालच्या बहुतेक लॅपटॉपना एकच भोक असतं आणि ते हेडफोन व माइक दोन्हींचं असतं. त्याला तीन कड्यांचा प्लग हवा. कॅमेऱ्यासाठी केलेल्या कॉलर माइकला बऱ्याचदा दोनच कड्या असतात. असा प्लग त्या भोकात घातला, की प्लगचा बुडाचा भाग माइकचा संपर्क आणि ग्राउंड या दोन्हींना एकदम टेकतो. लॅपटॉपला वाटतं, साधा हेडफोन आलाय. तो मुकाट्याने आपला आतला माइक चालू ठेवतो.

‘मुकाट्याने’ हा शब्द मुद्दाम वापरलाय. कॉलरला माइक लावून मी एकदा तासभर बोलले आणि नंतर ऐकलं तर पंख्याची घरघर आणि कीबोर्डची टकटक. बाहेरचा माइक जोडलेलाच नव्हता! तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे: रेकॉर्डिंगआधी माइकच्या जाळीवर नखाने हलकेच खाजवायचं. पडद्यावरची आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी उसळली तर तोच माइक चालू आहे. नाही उसळली तर लॅपटॉपच्या कडेवर खाजवून बघायचं, म्हणजे चोर सापडतो.

यावर उपाय म्हणजे वाय-स्प्लिटर: एका टोकाला तीन कड्यांचा प्लग, दुसरीकडे हेडफोन आणि माइकची वेगळी भोकं. घेताना भोकांवर हेडफोन आणि माइक अशी दोन वेगळी चित्रं आहेत ना, हे पाहा. दोघांनी मिळून गाणी ऐकायचा स्प्लिटर हुबेहूब असाच दिसतो, आणि तो इथे काही कामाचा नाही. काही कॉलर माइकना मुळातच तीन कड्या असतात. उदाहरणार्थ बोयाच्या बीवाय-एम१ला तीन कड्यांचा प्लग, ६ मीटरची वायर आणि फोन-कॅमेरा असं एक बटण असतं. एका भोकाच्या लॅपटॉपला लावताना ते बटण फोनच्या बाजूला हवं.

जॅकची दुसरी अडचण विजेची. कॉलर माइकमधल्या कॅप्सूलला, म्हणजे आवाज टिपणाऱ्या भागाला, दोन-तीन व्होल्टची वीज लागते आणि ती लॅपटॉप जॅकमधूनच देतो. स्टेजवरच्या शूर एसएम५८सारख्या डायनॅमिक (आत चुंबक आणि तारेचं वेटोळं असलेल्या) माइकला वीज लागत नाही, पण त्याचा सिग्नल इतका बारीक असतो की अडॅप्टर लावून जॅकमध्ये घातला तर आवाज मुंगीएवढा येतो. मग विंडोजमधला ‘मायक्रोफोन बूस्ट’ २० किंवा ३० डेसिबलवर नेला की आवाजाबरोबर सुंसुंही तेवढीच वाढते. घरात असा माइक पडलाय म्हणून तो जॅकवर चालवून बघण्यात वेळ घालवू नका.

तिसरी अडचण: चार्जर लावला की एकसुरी गुणगुण ऐकू येणं. निदान सोपं आहे. चार्जर काढा, गुणगुण थांबली तर दोष विजेच्या वाटेत आहे, माइकमध्ये नाही. बोटाएवढं यूएसबी साउंड कार्ड मिळतं, त्यात माइकचं वेगळं भोक असतं. कड्यांचा गोंधळ ते सोडवतं आणि सिग्नल लॅपटॉपच्या आतल्या गोंगाटातून बाहेर काढतं. जॅकवाला माइक आधीच हाताशी असेल तर नवा घेण्याआधी हे करून पाहावं. खरं तर हे केलं की तुम्ही अर्धेअधिक यूएसबीकडे आलेलेच असता.

यूएसबी आणि एक्सएलआर समोरासमोर

यूएसबी माइक लावला की लॅपटॉप त्याला स्वतंत्र साउंड कार्ड म्हणून ओळखतो. बहुतेकांना वेगळा ड्रायव्हर लागत नाही. तरी दोन ठिकाणी हमखास ठेच लागते. एक, सोबतची वायर हरवते आणि आपण फोनची कुठलीतरी वायर लावतो. काही वायरी फक्त चार्जिंगच्या असतात, त्यात डेटाच्या तारा नसतात. माइकचा दिवा लागतो, लॅपटॉपला मात्र काहीच दिसत नाही. दोन, माइक, बाहेरची हार्ड डिस्क आणि वेबकॅम असं सगळं एकाच हबवर चढवलं की आवाज मधेच तुटतो. माइक थेट लॅपटॉपला लावा, बाकीचं हबवर.

एक्सएलआरची वाट लांबची: माइक, वायर, इंटरफेस, मग यूएसबीने लॅपटॉप. मधली पेटी वाढली आणि खर्चही. बदल्यात काय मिळतं? एक्सएलआर वायरीत सिग्नल दोन तारांवरून परस्परविरुद्ध जातो. वाटेत शिरलेला गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच बसतो आणि शेवटी वजाबाकीत उडून जातो. म्हणून ही वायर कित्येक मीटर लांब नेली तरी चालते. यूएसबी २.०ची वायर साधारण ५ मीटरच्या पुढे भरवशाची नाही. पण टेबलावर बसून बोलणाऱ्याला हे लांबीचं कौतुक काय कामाचं? एका माणसासाठी, एका टेबलावर, चांगला यूएसबी माइक आणि तशाच दर्जाचा एक्सएलआर माइक यांतला फरक ऐकणाऱ्याला क्वचितच कळतो.

माणसं दोन झाली की पारडं फिरतं. दोन यूएसबी माइक एका लॅपटॉपला लावले तर प्रत्येकाचं सिग्नल मोजण्याचं घड्याळ वेगळं चालतं. लांब रेकॉर्डिंगमध्ये दोन आवाज हळूहळू एकमेकांपासून सरकतात. मॅकमध्ये ‘ऑडिओ मिडी सेटअप’मधून दोन्हींचं एकत्रित उपकरण बनवता येतं, विंडोजमध्ये तशी आयती सोय नाही. फोकसराइट स्कार्लेट २आय२सारख्या दोन इनपुटच्या इंटरफेसला घड्याळ एकच, त्यामुळे हा प्रश्नच उरत नाही. मुलाखती करायच्या असतील तर सरळ एक्सएलआर घ्या, यूएसबीतून वाट काढत बसू नका.

इंटरफेसचेही नखरे आहेत. कंडेन्सर, म्हणजे वीज लागणाऱ्या, माइकला ४८ व्होल्टचं बटण दाबावं लागतं, नाहीतर तो मुकाच राहतो. डायनॅमिकला ते लागत नाही. शूर एसएम७बीसारख्या क्षीण सिग्नलच्या माइकला साधारण ६० डेसिबल गेन (सिग्नलची वाढ) हवा, तो देण्याची ताकद पेटीत आहे का, हे आधी पाहावं. आणि सगळ्यांना पडणारा प्रश्न: आवाज फक्त डाव्या कानात का? कारण लॅपटॉप दोन इनपुटना डावा-उजवा समजतो आणि तुमचा माइक पहिल्या इनपुटमध्ये आहे. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘मोनो’ निवडलं की सुटलं.

कंडेन्सर की डायनॅमिक, हा प्रश्न दोन्ही वाटांवर येतो. कंडेन्सर बारकावे टिपतो, त्यात शेजारच्या खोलीतला प्रेशर कुकरही आला. खोली शांत नसेल तर डायनॅमिक घ्या आणि तोंडाजवळ ठेवा. माइकची बाजूही ओळखा. ब्लू येटीसारख्या माइकसमोर बोलायचं असतं, त्याच्या डोक्यात नाही. आइस्क्रीमच्या कोनासारखा तोंडापुढे धरला तर आवाज पातळ येतो आणि दोष माइकवर जातो.

बिनतारी?

ब्लूटूथ हेडसेटचा माइक सोयीचा, आवाजाला मात्र बेताचाच. एरवी गाणी छान ऐकवणारा हेडसेट माइक चालू होताच कॉलच्या पद्धतीवर जातो आणि आवाज सेकंदाला ८,००० किंवा १६,००० मापांवर उतरतो. तुमचा आवाज समोरच्याला आणि समोरच्याचा तुम्हाला, दोन्ही फोनवरच्यासारखे. एलई ऑडिओ या ब्लूटूथच्या नव्या पद्धतीने हे सुधारतं, पण लॅपटॉप आणि हेडसेट दोघांनाही ते यायला हवं. फिरत शिकवायचं असेल तर २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा कॉलर माइक बरा. त्याचा रिसीव्हर यूएसबी-सीने लॅपटॉपला लागत असेल तर तो यूएसबी माइकसारखाच वागतो. फक्त ऑडिओ जॅक असेल तर वरची कड्यांची कहाणी पुन्हा सुरू.

जोडल्यानंतर

विंडोज ११मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड, तिथे इनपुटखाली माइक निवडायचा. जुन्या साउंड पॅनलमध्ये ‘डिफॉल्ट डिव्हाइस’ आणि ‘डिफॉल्ट कम्युनिकेशन डिव्हाइस’ असे दोन मानकरी असतात. एकच बदलला तर रेकॉर्डर नवा माइक घेतो आणि कॉलचं अ‍ॅप जुनाच. ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’तल्या मायक्रोफोनच्या पानावर डेस्कटॉप अ‍ॅपना परवानगी आहे का, हेही बघा. मॅकमध्ये सिस्टिम सेटिंग्जच्या साउंडमध्ये इनपुट, आणि परवानगी तिथेही वेगळी. लिनक्सवर माइक दिसत नसेल तर पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोलच्या कॉन्फिगरेशन पानावर इनपुट असलेलं प्रोफाइल निवडायचं राहिलेलं असतं.

एवढं करूनही झूम किंवा मीट आपल्या मनचाच माइक धरून बसू शकतं, म्हणून अ‍ॅपच्या आतली निवड वेगळी तपासा. पातळी अशी ठेवा की जोरात बोलल्यावर पट्टी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान जाईल. शून्याला टेकलेला आवाज फाटतो आणि नंतर शिवता येत नाही. आधी माइकवरचं किंवा इंटरफेसवरचं गेन लावा, लॅपटॉपच्या सरकपट्टीला नंतर हात लावा. गाणं किंवा वाद्य शिकवत असाल तर झूममधलं आपोआप आवाज जुळवणं बंद करून ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा. नाहीतर लांब धरलेला सूर त्याला पंख्याचा आवाज वाटतो आणि तो कापला जातो.

मी काय घेईन

फक्त मीटिंगा आणि अधूनमधून एखादा वर्ग, एवढंच असेल तर तीन कड्यांचा कॉलर माइक किंवा वायरवाला हेडसेट पुरे. अट एकच, नखाची परीक्षा पास व्हायला हवी. आठवड्याला व्हिडिओ किंवा पॉडकास्ट करणाऱ्या एकट्या माणसाला मी यूएसबी आणि एक्सएलआर अशी दोन्ही टोकं असलेला डायनॅमिक माइक सुचवेन. सॅमसन क्यू२यू किंवा ऑडिओ-टेक्निका एटीआर२१००एक्स हे त्यातले. आज यूएसबीने चालवा. उद्या दुसरा माणूस समोर येऊन बसला तर इंटरफेस आणि आणखी एक माइक घ्या, पहिला तोच राहील. फक्त एक्सएलआरचा माइक आज आणि इंटरफेस ‘बघू पुढे’ असं मात्र करू नका. त्या गोल टोकाला लॅपटॉपवर भोकच नसतं.