बोट उभी करताना इंजिन कोरडं ठेवायचं की कूलंट भरून?

मे महिना सरत आला, तळ्याचं पाणी काठापासून लांब सरकलं आणि लोक मिरगाची वाट बघू लागले, की बोटवाल्यांचे फोन सुरू होतात. "भाऊ, तीन-चार महिने बोट उभी राहील. इंजिनातलं पाणी पूर्ण काढून ठेवू का कूलंट टाकून ठेवू?" कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं, पाणी आणि ग्लायकॉलचं गंजरोधक मिश्रण. नागपूरजवळच्या खिंडसी तलावावरून विचारतात, पेंच धरणाच्या बाजूने विचारतात. इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसवलेलं डिझेल इंजिन आणि बंद कूलिंग असलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतोच.

इंजिनासोबत आलेलं पुस्तक उघडलं तर त्यात 'विंटरायझेशन' (हिवाळ्यासाठी इंजिन बंद करून ठेवणं) नावाचं प्रकरण सापडतं. ते जिथे तळी गोठतात त्या मुलखासाठी लिहिलेलं असतं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि आत अडकलेलं असेल तर बिडाचा ब्लॉक तडकवतं. तिथली सगळी धडपड ही तड टाळण्यासाठी. आपल्याकडे २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर आला तेव्हा नागपूरकरांनी शेकोट्या पेटवल्या, पण तळ्यावर बर्फ धरला नाही. शिवाय हिवाळा हा आपला धंद्याचा हंगाम. बोट उभी राहते ती उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाळाभर, जंगलाच्या गाभ्यातले दरवाजेही बंद असतात तेव्हा. त्याआधी तिने मे महिन्याचं ऊन खाल्लेलं असतं. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेलेत. त्यामुळे आपलं भांडण बर्फाशी नाही. आपल्याला जपायचं आहे ते गंज, गाळ, पाण्यातला क्षार आणि उन्हाने ताठरलेलं रबर यांच्यापासून.

बंद कूलिंगमध्ये पाण्याचे दोन फेरे असतात. आतल्या फेऱ्यात कूलंट ब्लॉकमधून फिरतं आणि हीट एक्स्चेंजरमध्ये जाऊन थंड होतं. बाहेरच्या फेऱ्यात तळ्याचं पाणी येतं. ते बोटीच्या तळातल्या कॉकमधून स्ट्रेनरमध्ये (गाळणीत), तिथून इम्पेलरच्या, म्हणजे रबरी पात्यांच्या चाकाच्या पंपात, एक्स्चेंजरच्या बारीक नळ्यांत आणि शेवटी एक्झॉस्टच्या एल्बोतून (वाकड्या पाईपातून) धुरासोबत बाहेर पडतं. दोन्ही फेरे एकाच इंजिनावर असले तरी त्यांची दुखणी वेगळी आहेत. 'कोरडं का भरलेलं' असा एकच प्रश्न दोघांना मिळून विचारला की उत्तर चुकतं. माझं मत सरळ आहे: नागपूर भागात बाहेरचा फेरा कोरडा करा, आतला भरलेला ठेवा.

आधी बाहेरचा. इथे दोन मार्ग आहेत. पहिला, सगळं पाणी काढून नळ्या मोकळ्या सोडायच्या. दुसरा, थंड देशांत करतात तसं पंपातून ग्लायकॉल ओढून नळ्यांत भरून ठेवायचं. दुसऱ्याची बाजूही मांडतो. ग्लायकॉलमध्ये गंजरोधक असतं, रबराचे सील सुकत नाहीत, आणि एखाद्या कोपऱ्यात पाणी राहिलंच तर ते त्यात मिसळून जातं. जिथे गोठण्याची भीती आहे तिथे ही खात्री फार मोलाची. कोणाची बोट काश्मीरला जाणार असेल तर मीही हेच सांगेन, आणि विषारी एथिलीनऐवजी प्रॉपिलीन ग्लायकॉलच वापरा म्हणेन.

पण नागपुरात मी हा मार्ग घेत नाही. कारण बाहेरच्या फेऱ्यात जे भराल ते हंगामाच्या पहिल्या स्टार्टला एक्झॉस्टमधून तळ्यात जातं. पेंचच्या नवेगाव खैरीच्या धरणातून आपल्या शहराला प्यायचं पाणी येतं. काठावर गुरं पाणी पितात. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, जनावर ते चाटतं आणि त्याची किडनी जाते. जो धोका आपल्याकडे नाहीच त्यासाठी हे पाण्यात सोडायचं, हे मला पटत नाही.

कोरडं करण्यात मात्र एक मोठी फसगत आहे. दोन वर्षांपूर्वी खिंडसीच्या काठावर एका बोटीचा एक्स्चेंजर बघत होतो. मालक म्हणाले, "पाणी केव्हाच काढलं जी, प्लग खोलून ठेवला." खालचा ड्रेन प्लग खरंच उघडा होता, भोकाच्या तोंडाशी एक थेंब लटकला होता. मी सायकलच्या स्पोकचा तुकडा त्या भोकात घातला, जरा फिरवला. आधी काळ्या मातीची वळी बाहेर आली, पेन्सिलीएवढी जाड, आणि मागून भसकन पाणी. मगभर तरी असेल, गढूळ आणि कुजका वास असलेलं. गाळाने भोक आतून बुजलं होतं आणि इतके दिवस ते पाणी नळ्यांत तसंच बसून होतं. म्हणून प्रत्येक प्लग काढला की तार घालून बघाच. एक्स्चेंजर, ऑइल कूलर, पंपाचं झाकण, स्ट्रेनर, एल्बो, खाली लोंबणारे होज पाईप, काहीच सोडू नका. एक्स्चेंजरमधला झिंक अ‍ॅनोडही (बाकीचा धातू वाचवायला स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा) तेव्हाच काढून बघा. गोड्या पाण्यात त्यावर थर बसतो आणि तो काम करेनासा होतो.

इम्पेलर पंपात ठेवायचा का बाहेर काढायचा? बाहेर. त्याची रबरी पाती तीन-चार महिने एकाच बाजूला दबून राहिली तर तशीच वाकडी बसतात, आणि कोरड्या उकाड्यात ताठरतात. काढा, धुवा, पिशवीत घालून घरात सावलीत ठेवा. आणि त्याच क्षणी स्टार्टरच्या चावीला चिठ्ठी बांधा, "इम्पेलर काढला आहे". तुम्ही विसरलात किंवा दुसऱ्याने चावी फिरवली तर इंजिन पाण्याविना चालेल आणि एक्झॉस्टचे पाईप जळतील.

आता आतला फेरा. इथेही काही जण पाणी काढून रिकामं ठेवतात. ब्लॉक आतून कधीच पूर्ण सुकत नाही. ओलं बीड, आत शिरलेली हवा आणि जुलै-ऑगस्टची दमट हवा एकत्र आली की गंज धरणारच. पंपाचं सीलही सुकतं. भरलेल्या फेऱ्यात हवेला जागा नसते आणि कूलंटमधलं गंजरोधक धातूवर थर धरून राहतं. त्यामुळे आतून भरलेलंच बरं, अट एवढीच की आत असलेलं कूलंट खरोखरच कूलंट असावं.

बऱ्याच बोटींत गोम इथेच असते. वर्षभर थोडं थोडं कमी झालं की कोणी नळाचं, कोणी बोअरचं पाणी ओततो. घरच्या कूलरच्या ताट्यांवर मे महिन्यात पांढरा खार चढतो ना, तोच खार एक्स्चेंजरमध्ये आणि ब्लॉकच्या वाटांमध्ये बसतो. ताट्या बदलता येतात, ब्लॉक बदलता येत नाही. थंड इंजिनाचं झाकण उघडून तोंडाच्या आतून पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर तांबूस गाळ आला, तर ते कूलंट पावसाळ्यात आत राहू देऊ नका. रिफ्रॅक्टोमीटर फक्त ग्लायकॉलचं प्रमाण दाखवतो, गंजरोधक शिल्लक आहे का ते दाखवत नाही. त्यासाठी टेस्ट स्ट्रिप लागते, किंवा कूलंट किती वर्षांपूर्वी टाकलं त्याचा हिशोब.

बदलायचंच असेल तर बोट उभी करण्याआधी बदला. ऑक्टोबरला बदलू म्हणाल तर जुनं, आम्लधर्मी झालेलं कूलंट सगळा पावसाळा धातू खात बसेल.

जुनं पारंपरिक कूलंट साधारण दोन वर्षं टिकतं, ऑरगॅनिक अ‍ॅसिडचं पाच वर्षांपर्यंत. आपल्या बोटी वर्षात थोडेच तास चालतात, पण कूलंट नुसत्या तासांवर नाही तर वर्षांवरही म्हातारं होतं, म्हणून ऑरगॅनिक अ‍ॅसिडचं घेणं परवडतं. मात्र इंजिन बनवणाऱ्याने जो प्रकार सांगितला तोच घ्या. रंगावर भरवसा ठेवू नका, हिरव्यात हिरवं ओतूनही दोन वेगळे प्रकार मिसळले जाऊ शकतात. प्रकार बदलायचा असेल तर आधी आतून पूर्ण धुऊन घ्या.

घट्ट कूलंट आणून घरी पाणी मिसळावं का तयार मिश्रण घ्यावं, हा प्रश्न शेवटी पाण्याचा आहे. डिस्टिल्ड वॉटर वापरणार असाल तर दोन्ही सारखंच. नसाल तर तयार मिश्रण घ्या. आणि "जास्त कूलंट म्हणजे जास्त थंड" हा समज डोक्यातून काढा. ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं. निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, आपल्याला त्याहून घट्ट कशाला हवं? नागपूरच्या उन्हात घट्ट मिश्रणाने इंजिन उलट गरम पडतं.

भरल्यावर इंजिन थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटची वाट उघडणारी झडप) उघडेपर्यंत चालवा, म्हणजे अडकलेली हवा निघेल आणि नवं कूलंट सगळीकडे पोहोचेल. पूर्ण थंड झाल्यावरच झाकण उघडून पातळी बघा. बाहेरचा फेरा याच्यानंतर रिकामा करायचा, आधी नाही. त्याच दिवशी इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला, डिझेलची टाकी वरपर्यंत भरा, बॅटरी घरी न्या. एक्झॉस्टच्या तोंडात फडकं कोंबा. तिथे कुंभारमाशी मातीचं घर बांधते आणि ते वाळलं की दगड होतं.

ऑक्टोबरला फडकं काढा, सगळे प्लग बसवा, इम्पेलरला ग्लिसरीन लावून पाती फिरण्याच्या उलट दिशेला झुकतील अशी वाकवून बसवा, तळातला कॉक उघडा. मग चावीची चिठ्ठी काढा. स्टार्ट केल्यावर एकाने एक्झॉस्टपाशी उभं राहून बघायचं. पाणी लगेच पडायला हवं. अर्ध्या मिनिटात पडलं नाही तर इंजिन बंद करा आणि आधी स्ट्रेनर उघडा.