नव्या गाडीचे टायर, वॉरंटी आणि दोन दावे : वापरानंतरचा अनुभव

गेले काही महिने मी एका कॉम्पॅक्ट एसयूव्हीचे सर्वांत वरचे व्हेरिएंट वापरतो आहे. पुणे शहरातील रोजची ये-जा आणि अधूनमधून साताऱ्या-कोल्हापूरकडचा प्रवास, असा हा वापर आहे. इंजिन, क्लच, एसी यांविषयी तक्रार नाही, म्हणून येथे फक्त टायरविषयी लिहितो.

शोरूममध्ये 'गाडीला तीन वर्षांची वॉरंटी' असे सांगितले जाते, तेव्हा त्यात टायर धरलेले नसतात, हे सहसा कोणी बोलत नाही. वॉरंटीच्या पुस्तिकेत मात्र ते स्पष्ट छापलेले असते : टायरची जबाबदारी टायर बनवणाऱ्या कंपनीची, आणि तीही केवळ उत्पादनातील दोषापुरती. त्यामुळे डावीकडच्या पुढच्या टायरला फुगा आला, तेव्हा सर्व्हिस सेंटरने जॉब कार्ड उघडले खरे, पण पुढे टायर कंपनीच्या वितरकाकडे बोट दाखवले आणि वितरकाने 'गाडी नवी आहे, शोरूममधूनच दावा पाठवा' म्हणून परत धाडले. हा टोलवाटोलवीचा भाग मला सर्वांत त्रासदायक वाटला.

तपासणीचा निकाल मात्र मला मान्य आहे. टायर रिमवरून उतरवल्यावर आतल्या बाजूला, फुग्याच्या बरोबर मागे, अंगठ्याएवढी आडवी चीर दिसली आणि रिमच्या कडेलाही तेथेच किंचित दबलेली खूण होती. चाक खड्ड्याच्या धारदार कडेवर आदळले की साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) रिम आणि कड यांच्यात चिमटली जाते, आतले धागे तुटतात आणि मग हवेचा दाब बाहेरच्या रबराला त्या जागी फुगवतो. हा आघात आहे, उत्पादनातील दोष नव्हे. दावा फेटाळला गेला. साइडवॉलला पंक्चरचा पॅच चालत नाही, त्यामुळे टायर बदलण्यावाचून मार्ग नव्हता. नकाराचे कारण लेखी द्यायला वितरक तयार नव्हता. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवतो असे म्हटल्यावर मात्र तपासणीचा अहवाल ईमेलवर आला.

विम्याचाही येथे उपयोग झाला नाही. नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत केवळ टायरचे नुकसान भरून मिळत नाही. त्याच वेळी गाडीलाही इजा झाली असेल तरच, तेही निम्म्या किमतीपर्यंत, मिळते. टायरसाठी वेगळे ॲड-ऑन असते, जे माझ्या पॉलिसीत नव्हते.

दुसरा दावा मागच्या टायरचा होता. ताशी ८०च्या आसपास जाणवणारी थरथर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करूनही जाईना. अखेर त्या टायरच्या नक्षीवर (रस्त्याला टेकणाऱ्या खाचांच्या भागावर) एका जागी हाताला लागणारा उंचवटा सापडला, म्हणजे आतला थर सुटू लागला होता, आणि कंपनीने हा दोष मान्य केला. तरीही टायर फुकट मिळाला नाही, कारण भरपाई झिजेच्या प्रमाणात असते. नक्षी नवी असताना ८ मिलिमीटर आणि झिजेची मर्यादा १.६, म्हणजे वापरता येण्याजोगी ६.४ मिलिमीटर, त्यातली १.६ झिजली असल्याने किमतीचा एक चतुर्थांश भाग मला भरावा लागला. हा हिशेब मला न्याय्य वाटतो. बॅलन्सिंगचा खर्च मात्र दोष त्यांचा असूनही माझ्याकडूनच घेतला गेला. बदली टायर बसवण्याआधी साइडवॉलवरचा चार आकडी उत्पादन-सांकेतांक पाहून घेतला (३५२४ म्हणजे २०२४चा पस्तिसावा आठवडा), कारण गोदामात पडून राहिलेला जुना माल अशा वेळी खपवला जातो अशी माझी शंका होती. ती या वेळी खरी ठरली नाही.

या काळात स्टेपनीचाही अनुभव आला. वरच्या व्हेरिएंटला १७ इंची अलॉय आणि स्टेपनी मात्र लहान, ताशी ८०ची मर्यादा लिहिलेली. महामार्गावर ती लावून जाणे अत्यंत कंटाळवाणे आहे.

मुळात प्रश्न या मोठ्या रिमचाच आहे. माझ्या २१५/५५ मापात (रुंदी २१५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची तिच्या ५५ टक्के) ही उंची ११८ मिलिमीटर भरते, तर खालच्या व्हेरिएंटच्या २१५/६० मापात १२९. खड्ड्याचा मार झेलायला हा एक सेंटिमीटर बराच असतो. गाडी हीच पुन्हा घेईन, पण १६ इंची रिमची.