एलईडी काढून पुन्हा हॅलोजन : आठ महिने, आंबा घाट आणि उसाच्या ट्रॉल्या

गाडी अकरा वर्षांची. हेडलाईट साधे रिफ्लेक्टरवाले, आत एच४ बल्ब. सासरवाडी साखरप्याची, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी कोल्हापूरहून आंबा घाट उतरायचा, आणि दुकान बंद करून निघायचं म्हणजे प्रवास रात्रीचाच. उजेड कमी पडतोय म्हणून मे महिन्यात २८०० रुपयांची एलईडी बल्बची जोडी बसवली. तीन महिन्यांत काढली. बल्ब टिकले असते, मीच टिकलो नाही.

पहिल्या रात्री खूश होतो. बोनेटपुढे पांढराशुभ्र उजेड! पण मी लो बीमवर असूनही समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारायचा. मलकापूरजवळ एका ट्रकवाल्याने काच खाली करून माझ्या घराण्याचा उद्धार केला, तेव्हा घरी येऊन गाडी भिंतीसमोर उभी केली. एका बाजूला जुना हॅलोजन लावला, दुसऱ्या बाजूला एलईडी तसाच ठेवला. हॅलोजनच्या उजेडाची वरची कड स्वच्छ दिसत होती : उजवीकडे आडवी, डावीकडे वर चढत गेलेली. आपण डावीकडून चालवतो, म्हणून साईडपट्टी, पाट्या, पायी चालणारी माणसं दिसावीत आणि समोरच्याच्या डोळ्यांवर झोत जाऊ नये, अशी ती योजना. एलईडीकडे कड अशी नव्हतीच, भिंतीवर दूध सांडल्यासारखं सगळं.

कारण बल्बच्या पोटात आहे. एच४मध्ये दोन फिलामेंट असतात. लो बीमच्या फिलामेंटखाली छोटीशी धातूची वाटी असते, ती खाली जाणारा उजेड अडवते. मग रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग कामाला लागतो आणि झोत रस्त्यावर पडतो. हाय बीमला अख्खा रिफ्लेक्टर मिळतो. रिफ्लेक्टर घडवलेलाच असतो त्या फिलामेंटच्या जागेवर. तिथे दोन बाजूंना चिकटवलेल्या एलईडीच्या चिपा आल्या आणि जागा जराशी हलली, की उजेड भलतीकडे जातो. मेहुण्याच्या गाडीत कंपनीचेच एलईडी प्रोजेक्टर आहेत, ते अप्रतिम चालतात, कारण त्यांची भिंगं एलईडीसाठीच बनवलेली आहेत.

जुलैत घाटात ढग उतरले आणि उरलीसुरली हौस फिटली. पांढरा उजेड धुक्यात चालत नाही, पिवळा आरपार जातो, असं सगळे सांगतात. पण धुक्याच्या थेंबांना रंगाशी फारसं देणंघेणं नसतं. त्रास होतो तो वर उडणाऱ्या उजेडाचा, तो धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. शिवाय बल्बमागच्या पंख्यामुळे रबरी टोपण नीट बसेना, आत वाफ धरायची. लाईट लावला की एफएमवर खरखर, ती वेगळीच.

ऑगस्टमध्ये ६०/५५ वॅटचे साधे हॅलोजन परत घातले. ओळखीच्या वायरमनने मीटर लावला : इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट, बल्बच्या होल्डरवर १२.४. जुनी वायर, स्टिअरिंगजवळचा स्विच, गंजलेलं अर्थिंग, सगळ्यांनी थोडं थोडं खाल्लेलं. दहा टक्के व्होल्टेज घटलं की हॅलोजनचा उजेड जवळपास तीस टक्के घटतो. म्हणजे मी बल्बला शिव्या देत होतो आणि चोर वायरीत बसला होता. ९०० रुपयांची रिले वायरिंग, म्हणजे बॅटरीतून थेट बल्बला वीज देणारी, फ्यूजसह टाकली, होल्डरवर १३.५ आले. त्या रात्री बायकोने विचारलं, “नवे बल्ब घेतले काय?”

१०० वॅटचे बल्ब टाकायचा सल्लाही मिळाला होता. जुन्या वायरीवर ते टाकले तर होल्डर वितळतो. वायरमनने असा एक काळा पडलेला होल्डर खोक्यातून काढून हातात दिला.

काचेकडेही बघा. हेडलाईटची ‘काच’ म्हणजे पॉलिकार्बोनेट, उन्हाने पिवळी पडते. टूथपेस्टने चमकते ती पंधरा दिवस. मी पाणी मारत आधी ८०० आणि शेवटी २००० नंबरच्या पॉलिश पेपरने घासली, पॉलिश केलं आणि वर यूव्ही कोटिंग मारलं. ते नाही मारलं तर पुन्हा पिवळेपणा ठरलेला. फोकस भिंतीवरच सेट केला, दहा मीटरवर कड दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण दहा सेंटीमीटर खाली. मागच्या सीटवर माणसं आणि डिकीत तांदळाची पोती असली की डॅशबोर्डवरची झोत खाली करणारी लेव्हलची चकती फिरवतो. ही चकती कशासाठी असते ते अकरा वर्षं विचारलं नव्हतं.

खरी परीक्षा डिसेंबरात. उसाचा हंगाम, ट्रॉलीला मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही, वर लोंबणारं वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. तेच वाडं आता डाव्या बाजूच्या चढत्या झोतात आधी दिसतं, मग ट्रॉली.

एकदा डावा लो बीम बांबवड्याला उडाला. चहाच्या टपरीसमोर मोबाईलच्या उजेडात बदलला, बल्ब रुमालात धरून, कारण बोटाचं तेल क्वार्ट्झला लागलं की तापल्यावर तिथेच तो कमजोर होतो. एलईडी उडाला असता तर सुटा बल्ब कुठे मिळाला असता!

तक्रार एकच उरली आहे. ओल्या काळ्या डांबरावर, जिथे पांढरे पट्टे पुसले गेलेत, तिथे रस्ता हा उजेड अजूनही पिऊन टाकतो. तिथे मी चाळीसच्या वर जात नाही. मेहुणा जातो.