भीमाशंकर की हरिश्चंद्रगड?

दोन्हीकडे बऱ्याचदा जाणं झालंय, त्यामुळे एका वीकेंडला एकच जमणार असेल तर काय करावं यावर माझं मत सांगतो, पटलं तर बघा.

देवळं-लेणी बघायची असतील तर हरिश्चंद्रगडाला तोड नाही. केदारेश्वराच्या लेण्यात कमरेएवढ्या बर्फगार पाण्यात पिंड आणि चारपैकी एकच खांब धड उरलाय, शिवाय संत चांगदेवांनी शके १२३४ मध्ये तत्त्वसार हा ग्रंथ इथेच लिहिला. भीमाशंकरला नाना फडणवीसांच्या काळातलं शिखर आणि चिमाजी अप्पांनी १७३९ च्या वसई मोहिमेतून आणलेली पोर्तुगीज घंटा आहे, पण त्या रांगेत घंटेकडे लक्ष कोणाचं जातंय. आणि हरिश्चंद्रगडाचा तो प्रचंड कडा, कोकणकडा, तो कोकणकडाच, त्यावर वाद नाही.

पण माझं गणित बिघडलं ते ब्लूटूथ स्पीकरमुळे. गडावर रात्री कड्याजवळ तंबूंची रांग लागते, प्रत्येक ग्रुपचं गाणं वेगळं, कुणाला थांबवायला जावं तर 'काका, एन्जॉय करा ना', आणि मग घुबड सोडा, शेजारच्याचं बोलणंही ऐकू येईना. गर्दी तिथे नेमकी जे बघायला आपण गेलो त्याच जागी बसते.

भीमाशंकरला गर्दी कितीतरी जास्त, पण ती सगळी पायऱ्या आणि पेढ्यांच्या दुकानांपाशी अडकते. देवळामागून गुप्त भीमेच्या वाटेला लागलं की थोड्याच वेळात माणूस दिसत नाही. मग मान वर करून फिरायचं. डोक्यावर अर्धवट कुरतडलेलं फळ पडलं की समजायचं वर शेकरू, म्हणजे झाडावरची मोठी खार आहे, पोट पिवळसर, पाठ तांबूस, शेपटी अंगापेक्षा लांब, आणि आपण दिसलो की जे खकखक सुरू करतं ते बराच वेळ थांबत नाही. काटक्या-पानांची घरटीही वर दिसतात, एकाच शेकराची दोन-चार असतात म्हणे. शेकरू तसं हरिश्चंद्रगडाच्या अभयारण्यातही आहे, पण वर माथा बराचसा उघडा, त्यामुळे मला तरी तिथे कधी दिसलं नाही, तुमचं नशीब वेगळं असेल.

पावसाळ्यात तर भीमाशंकरच बरं वाटतं, कारण ढग आले की कोकणकड्यावर पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही आणि इथल्या रानात धुक्यातही फिरता येतं, काळोख्या रात्री कुजक्या लाकडावरची बुरशी हिरवट चमकते ते वेगळंच. फक्त श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र टाळा. आणि गडच करायचा ठरला असेल तर मधल्या वारी पायथ्याच्या पाचनई गावाहून चढा, वाट सोपी आहे.