डीकम्प्रेशनचा सराव: सेंटर चांगलं, मास्ककडे मात्र दुर्लक्ष

बोइंग 737 च्या वैमानिकांच्या ठरावीक काळाने होणाऱ्या रिकरन्ट ट्रेनिंगला या वेळी नवीन सेंटर मिळालं. सिम्युलेटर उत्तम, त्याबद्दल तक्रार नाही. लिहितोय ते डीकम्प्रेशनबद्दल, म्हणजे केबिनमधला हवेचा दाब जाण्याबद्दल, कारण बऱ्याच ठिकाणी हा सराव नुसता उरकला जातो.

इथल्या ट्रेनर मॅडमनी आधी काहीच सांगितलं नाही. 35,000 फुटांवर आमचं पुढच्या हवामानावर बोलणं चाललं होतं आणि केबिनमधली हवा गुपचूप गळत होती. केबिनची उंची, म्हणजे आतला दाब ज्या उंचीवरच्या हवेइतका असतो ती, 10,000 फुटांवर गेली आणि हॉर्न सुरू झाला. जमिनीवर टेकऑफ कॉन्फिगरेशन (उड्डाणासाठी फ्लॅप वगैरेंची मांडणी) चुकलं तरी हाच तुटक हॉर्न वाजतो. 2005 मध्ये हेलिओस या विमान कंपनीच्या 737 मध्ये प्रेशरचा सिलेक्टर ऑटोमॅटिकऐवजी मॅन्युअलवर राहिला होता. वैमानिकांना हॉर्नचा अर्थ उमगला नाही, विमान चढत राहिलं आणि शेवटी अथेन्सजवळ पडून 121 जण गेले. म्हणून हॉर्न वाजल्यावर पहिला हात कुठे जातो, ते महत्त्वाचं. मॅडम मागे बसून नेमकं तेच टिपत होत्या. असं बारकाईने बघणारं माणूस क्वचित भेटतं.

35,000 फुटांवर प्रेशर गेलं तर डोकं ठिकाणावर राहतं जेमतेम 30 ते 60 सेकंद, धाडकन गेलं तर त्याहूनही कमी. म्हणूनच मास्क एका हाताने 5 सेकंदांत लागला पाहिजे, असा नियम आहे. लाल कळा दाबायच्या, पट्टे फुस्सकन फुगतात, डोक्यावरून ओढून कळा सोडायच्या. मग माइक मास्कवर घ्यायचा, एकमेकांचा आवाज येतोय ना बघायचं, प्रेशर हाताने सांभाळायला सिलेक्टर मॅन्युअलवर, आणि काटा पूर्ण बंद दाखवेपर्यंत आउटफ्लो व्हॉल्व्हचा (केबिनमधली हवा बाहेर सोडणाऱ्या झडपेचा) स्विच धरून ठेवायचा.

आणि इथेच उजव्या सीटचे पट्टे फुगेनात! टेक्निशियन म्हणाला, "सर, लावला असं समजा." समजा म्हणजे काय? ज्या 5 सेकंदांसाठी आलो, तीच समजायची? मॅडमनी सेशन थांबवून दुसरा मास्क मागवला, म्हणून एकच स्टार कापतोय.

इमर्जन्सी डिसेंट, म्हणजे मास्कशिवाय श्वास घेता येईल अशा उंचीवर झपाट्याने उतरणं, व्यवस्थित झाला. लेहच्या मार्गावरचाही मागितला, तो त्यांनी आनंदाने दिला. तिथे डोंगरांमुळे सरळ 10,000 फुटांवर येता येत नाही आणि प्रवाशांचा ऑक्सिजन साधारण 12 मिनिटांचा, त्यामुळे कुठे वळायचं ते आधीच ठरलेलं लागतं.

इथे स्लॉट घेतलात तर लेहचा सराव जरूर मागा आणि सीटवर बसल्याबसल्या मास्क फुगवून बघा.