कुत्रा चावल्याचं रजिस्टर की मेलेल्या कुत्र्याची तपासणी?

खान्देशात रेबीजवर लक्ष ठेवायच्या दोन वाटा. पहिली दवाखान्याच्या रजिस्टरची. स्वस्त आणि रोजची. पण त्यात चावे मोजले जातात, रेबीज नाही. घरचं कुत्रं चावलं काय नि पिसाळलेलं चावलं काय, ओळ एकच. धडगावकडच्या पाड्यावरून कुणी आधी भगताकडे गेला, तर तो रजिस्टरात येतच नाही. घरीच दगावला की “पाणी बघून घाबरायचा” एवढंच मागे उरतं.

दुसरी वाट कुत्र्याच्या मेंदूच्या तपासणीची. खात्री होते ती तिथेच. पण मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. केळीच्या बागेत पडलेलं कुत्रं दुपारपर्यंत कुजायला लागतं. डोकं काढायला लस घेतलेला माणूस हवा, बर्फाचा डबा हवा, प्रयोगशाळा लांब. लोक खड्डा करून पुरून टाकतात. त्यांना दोष कसा द्यावा?

माझा कौल रजिस्टरला, पण एक रकाना वाढवून: १० दिवसांनी कुत्रं जिवंत आहे का? आशाताईंचा एक फोन पुरे. मेलं किंवा गायब झालं, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला कळवायचं. लस मात्र त्या उत्तरासाठी थांबवायची नाही. पहिला डोस लगेच, मग ३, ७ आणि २८व्या दिवशी.